निळ्या रांगोळीतले तीन देश

मी जळते. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला शहाणपण शिकवायला नको. पन्नाशी उलटली, केस पिकले, पण दुसऱ्याचं बरं चाललेलं दिसलं की माझ्या पोटात दुखतं ते दुखतंच. आणि गेली दोन वर्षं हे दुखणं रोज सकाळी स्कूटीवर बसून आमच्या शाळेत येतं.

मी सोलापुरातल्या एका शाळेत संस्कृत शिकवते. तेवीस वर्षं झाली. आमच्याकडं सातवी संपत आली की पालकांना एक फॉर्म भरावा लागतो, आठवीपासून पोरानं कुठली भाषा घ्यायची त्याचा. पूर्वी त्या फॉर्मवर दोनच चौकटी होत्या, हिंदी आणि संस्कृत. हुशार पोरं संस्कृतवर खूण करायची. का, तर पैकीच्या पैकी मार्क पडतात. भाषेवरच्या प्रेमानं कुणी येत नव्हतं हे मला ठाऊक होतं, मी काय दूधखुळी नाही. पण मार्कांसाठी का होईना, साठ-साठ पोरं समोर बसायची. मी टेबलावर अंगठीनं ठेका धरायचे आणि साठ गळे एका चालीत 'रामः रामौ रामाः' म्हणायचे. ती चाल माझी स्वतःची हं. आमच्या सरांनी आम्हाला शिकवलेली चाल अगदी रडकी होती. मी तिला जरा चढवली आणि शेवटच्या शब्दाला एक उडी दिली. पोरं त्या उडीची वाट बघत बसायची. शाळेचा शिपाई घंटा द्यायला जाताना तीच चाल गुणगुणायचा, मी माझ्या कानांनी ऐकलंय.

दोन वर्षांपूर्वी फॉर्मवर तिसरी चौकट आली. फ्रेंच. फ्रेंचलाही पैकीच्या पैकी पडतात, वर परदेशाचा वास. पहिल्याच वर्षी माझ्या साठाची पस्तीस झाली. दुसऱ्या वर्षी एकवीस. मग मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मला केबिनमध्ये बोलावलं आणि चहा मागवला. त्यांनी चहा मागवला की समजायचं, बातमी वाईट आहे.

"पंधराच्या खाली गेलं तर तुकडी चालवता येणार नाही हो," त्या म्हणाल्या. "तुम्हाला लायब्ररी देऊ. आणि ऑफ तास."

ऑफ तास म्हणजे ज्या वर्गाचे शिक्षक आले नाहीत, तिथं जाऊन पोरं गप्प बसवायची. तेवीस वर्षं शिकवून झाल्यावर आता राखणीला बसायचं. मी चहा तसाच ठेवून उठले.

एवढंही मी गिळलं असतं. पण फ्रेंच शिकवायला आली कोण? माझीच पोरगी. म्हणजे माझीच विद्यार्थिनी. मूळची मैंदर्गीची, घरात कन्नड, शाळेसाठी सोलापुरात काकूकडं राहायची. आठवी ते दहावी पहिल्या बाकावर. तिच्या बोटात अंगठी नव्हती, तर माझ्या ठेक्यावर कंपासपेटी वाजवायची. दोनदा मी ती पेटी जप्त केली होती. स्टाफरूममध्ये मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, ही संस्कृतात एम.ए. करणार, बघाच. आणि ही बया पुण्याला गेली ती फ्रेंच घेऊन परत आली.

पहिल्या दिवशी तिनं सगळ्यांसमोर माझ्या पायांना हात लावला. "बाई, ओळखलं का?"

मी तिला गेटमधून आत येतानाच ओळखलं होतं. चालण्यावरून. पण म्हटलं, "एवढी पोरं हाताखालून जातात. कुणाकुणाला लक्षात ठेवायचं?"

तिचा चेहरा जरासा उतरला. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

आता शाळेत सगळी आम्हाला 'मॅडम' म्हणतात. ती एकटीच मला अजून 'बाई' म्हणते. तेही मला खुपायचं. 'बाई' म्हणायचं आणि बाईचीच पोरं पळवायची, ही कुठली रीत?

मागच्या वर्षीच्या पालकसभेत तर तिनं कहर केला. भिंतीवर जगाचा नकाशा लावला आणि फ्रेंच जिथं राजभाषा आहे ते देश पोरांकडून मोठ्यानं वाचून घेतले. फ्रान्स, बेल्जियम, स्वित्झर्लंड, लक्झेंबर्ग, मोनॅको, कॅनडा, हैती, सेनेगल, टोगो, बेनिन, दोन दोन काँगो, मादागास्कर... संपायचं नावच घेईनात. पालक मान डोलवायलेत. एक बाप उठून उभा राहिला. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात माल पाठवायचं काम बघतो, घरात तेलुगू बोलणारा माणूस. म्हणाला, "आमचा माल आयव्हरी कोस्टला जातो की! तिथनं पत्र आलं की आम्ही फोनवर टाकून वाचतो, निम्मं कळतंय, निम्मं नाही."

आणि मग त्याच माणसानं माझ्याकडं वळून, अगदी साध्या मनानं विचारलं, "मॅडम, संस्कृत कुठं कुठं बोलतात हो?"

सगळी सभा माझ्याकडं बघायला लागली. मी घसा खाकरला आणि सांगितलं, "उत्तराखंडात ती दुसरी राजभाषा आहे."

"उत्तराखंडात टॉवेल कोण घेतंय?" तो म्हणाला आणि सगळे हसले. तीही हसली असेल असं वाटून मी तिच्याकडं बघितलं. ती हसत नव्हती. ती खाली बघत होती. माझी कीव करायलीय की काय, या विचारानं मला आणखीच संताप आला.

त्या दिवशी घरी गेले आणि पातेलं जरा जोरात आपटलं. आमचे हे पेपर वाचत होते. वरती न बघता म्हणाले, "जळका वास यायलाय. भाजी लागली का?"

"भाजी चढवलीच नाही अजून," मी म्हटलं.

"तेच म्हणतोय मी," हे म्हणाले.

यंदा फेब्रुवारीत शाळेचं प्रदर्शन होतं. सातवीच्या पालकांनी त्याच दिवशी फॉर्म भरून पेटीत टाकायचे. मोठ्या बाईंना कल्पना सुचली की प्रवेशाच्या हॉलमध्ये जगाच्या नकाशाची रांगोळी काढायची आणि फ्रेंचचे देश निळ्या रंगात भरायचे. शाळेत रांगोळीचा हात कुणाचा? माझा. माझ्याच फासाचा दोर मलाच वळायला सांगितला. नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हटलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं की ही जळते.

प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी तिनं मला देशांची यादी आणून दिली. स्वच्छ अक्षर, प्रत्येक देशापुढं राजधानी. मी ती घरी घेऊन गेले. संध्याकाळी भाकऱ्या झाल्यावर ओट्याशी उभी राहूनच एकेक नाव फोनवर शोधायला लागले. कशासाठी? चूक सापडावी म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं. बेल्जियम बरोबर निघालं, हैती बरोबर निघालं, सेनेगल बरोबर निघालं. आणि मग सापडलं. माली. तिथल्या सरकारनं अलीकडंच फ्रेंचचं राजभाषेचं पद काढून घेतलं होतं. फ्रेंच उरली ती नुसती कामकाजापुरती. त्याला लागून बुर्किना फासो, तिथंही तेच. त्याच्या शेजारचा नायजर, तिथंही तेच. तिची यादी जुनी होती. ह्या तिन्ही देशांची नावं तिनं ठळक अक्षरात लिहिली होती.

मला इतका आनंद झाला की मी यांना शेंगाचटणीवर तेल जरा सढळ हातानं वाढलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर हॉलमधल्या फरशीवर खडूनं चौकोन आखले आणि मी बसले. ती माझ्याशेजारी बसून रंग भरलेली चाळणी पुढं करायची. आफ्रिका किती मोठी आहे ते मला त्या दिवशी माझ्या गुडघ्यांनी सांगितलं. कॅनडा आला तेव्हा मी विचारलं, "सगळा भरायचा?"

"हो बाई. तिथं इंग्रजीच्या बरोबरीनं फ्रेंच आहे."

"बरोबरीनं आहे तर मग निम्माच भरते."

ती खळखळून हसली. मी हसवायला बोलले नव्हते, पण तिला वाटलं मी गंमत केली. मोरोक्को आणि अल्जीरिया तिनं सोडायला लावले. मी म्हटलं, "तिथं बोलतात की फ्रेंच?"

"बोलतात, पण राजभाषा नाही. लोकांनी बोलणं वेगळं आणि सरकारनं लिहून देणं वेगळं." सेशेल्स आणि वानुआतूला तर चाळणी लागलीच नाही, चिमटीनं नुसते ठिपके सोडले. मग आम्ही मालीपाशी आलो. मी माली निळा केला, बुर्किना फासो निळा केला, नायजर निळा केला. कडेनं पांढरी रेघ अशी बारीक ओढली की तीसुद्धा बघत राहिली.

"बाई, काही चुकलं असेल तर सांगा हं," ती म्हणाली. "तुमच्या नजरेतनं सुटत नाही काही."

"मला काय कळतंय तुझ्या फ्रेंचमधलं?" मी म्हटलं. "तुझं तुलाच माहीत."

मी शिक्षिका आहे. समोर चूक दिसत असताना ती मी माझ्या हातानं रंगवली आणि वर किनार काढली. तेवीस वर्षांत असं मी कुठल्या पोराच्या वहीतही केलं नव्हतं.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी दहाला हॉल भरला. रांगोळीभोवती पालक, पोरं, मधे मोठ्या बाई, आणि ती काठी घेऊन एकेक देश दाखवायला लागली. टॉवेलवाला बापही होता, त्याची सातवीतली पोरगी पुढं उभी. फॉर्मची पेटी तिथंच टेबलावर होती. काठी मालीवर आली आणि मी तोंड उघडलं.

"एक शंका होती," मी म्हटलं. आवाज असा गोड काढला की मलाच माझी किळस यावी. "मालीत फ्रेंच अजून राजभाषा आहे का गं? आणि बुर्किना फासोत? नायजरमध्ये? माझ्या वाचनात तर वेगळंच आलं."

मोठ्या बाईंनी चष्मा वर केला. तिनं फोन काढला, तिथंच उभ्या उभ्या वाचलं, मिनिटभर लागलं असेल. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. आता ती अडखळणार, सारवासारव करणार, काहीतरी थापा मारणार.

"बाईंचं बरोबर आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "माझी यादी जुनी होती. चूक माझी."

आणि ती खाली बसली. ओढणीचा कोपरा बोटाला गुंडाळला आणि तिन्ही देशांतला निळा रंग अलगद पुसून काढला. माझी पांढरी रेघ तिनं कुठंही मोडू दिली नाही. मी मदत करायचं ढोंग करून शेजारी वाकले, तेव्हा मान वर न करता, फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू ती म्हणाली, "बाई, तुम्हाला काल भरतानाच माहीत होतं ना?"

मी रेघेवर पडलेला निळा कण चिमटीनं उचलला.

टॉवेलवाल्याच्या पोरीनं विचारलं, "मॅडम, मग आता तिथली लोकं काय बोलतात?"

"आधी घरी जे बोलायची तेच," ती उठून हात झटकत म्हणाली. "आता सरकारनंपण ते मानलं, एवढंच."

"म्हणजे आमच्या तेलुगूसारखं?"

"हो, आणि माझ्या कन्नडसारखं."

पालकांमध्ये कुजबुज झाली. मला वाटलं, झालं काम. पण तो टॉवेलवाला शेजारच्याला म्हणाला, "बघा, चारचौघांत चुकलं म्हणायला पण धाडस लागतं. पोर अशाच मॅडमकडं घालायची." आणि त्यानं तिथंच फॉर्म भरला आणि पेटीत टाकला. त्याच्यामागं आणखी चौघे गेले. घ्या! तीन देश मी तिच्या हातातून काढून घेतले आणि भाव तिचाच वाढला. माझं कौतुक करायला कुणी आलं नाही. नाही म्हणायला आमचा शिपाई म्हणाला, "रांगोळी झ्याक झालीया की, मॅडम."

दुपारी केबिनमध्ये पेटी उघडली. मोठ्या बाई, मी आणि ती. फ्रेंचचा गठ्ठा मोठा झाला, छप्पन्न. हिंदीचा त्याच्या खालोखाल. माझा गठ्ठा त्यांनी दोनदा मोजला, कारण पहिल्यांदा मोजून झाल्यावर त्यांना माझ्याकडं बघवेना.

"चौदा," त्या म्हणाल्या.

चौदा. एक कमी. माझ्या डोळ्यांसमोर लायब्ररीतली लोखंडी कपाटं आली, कुणी न उघडलेली. टेबलावर अंगठी वाजवायची ती आता 'गप्प बसा' म्हणायला. मी पदर सावरला आणि उठायला लागले. रडायचं तर बाहेर जाऊन, हिच्यासमोर तर मुळीच नाही.

"थांबा," ती म्हणाली. पर्समधून तिनं एक घडी केलेला फॉर्म काढला. तिची भाची आमच्याच शाळेत सातवीत होती, गावाहून येऊन तिच्याजवळच राहायची. "हिचा राहिला होता द्यायचा." तिनं मोठ्या बाईंचं पेन घेतलं, संस्कृतच्या चौकटीत खूण केली, खाली पालक म्हणून सही केली आणि माझ्या गठ्ठ्यावर ठेवला.

मोठ्या बाई मोकळं हसल्या. माझी मात्र कानशिलं तापली.

"उपकार करायलीस का माझ्यावर?" मी म्हटलं.

"नाही बाई. घरी पण मी आणि शाळेत पण मी, पोरीला विटायला होईल."

सकाळी मी तिच्याशी जे केलं त्याबद्दल तिनं अवाक्षर काढलं नाही. भांडली असती तर मी दहा ऐकवली असती, आणि दोन ऐकूनही घेतली असती. पण ही गप्प. माझी तुकडी वाचली आणि ती तिच्या एका सहीनं वाचली, हे घेऊन मी घरी गेले. चार दिवस मला जेवण गेलं नाही. यांनी विचारलं, "आता तर वाचली ना तुकडी?" मी म्हटलं, "तेच तर!"

जूनमध्ये शाळा सुरू झाली. तिची पोरं वाढली म्हणून तिला वरच्या मजल्यावरून खाली आणलं आणि माझ्या वर्गाला लागून असलेली मोठी खोली दिली. दोन वर्षं मी तिच्या वर्गाकडं फिरकले नव्हते, आता मधे फक्त एक भिंत.

पहिला तास. पंधरा पोरं साठांच्या खोलीत विखरून बसलेली. मी त्यांना पुढं बोलावलं. तिची भाची पहिल्या बाकावर बसली, तोंड फुगवून. तिला फ्रेंच हवं होतं हे तिच्या तोंडावरच लिहिलेलं होतं. मी म्हटलं, आधी मी म्हणते, मग तुम्ही माझ्यामागून म्हणा. अंगठीनं ठेका धरला आणि सुरू केलं, रामः रामौ...

आणि ती पोरगी माझ्याबरोबरच म्हणायला लागली. माझ्या चालीत. शेवटच्या शब्दाची उडीसुद्धा बरोबर माझ्या जागी मारली. हातात कंपासपेटी होती आणि ती ठेक्यावर वाजवत होती.

मी थांबले. "हे तुला कुणी शिकवलं?"

"मावशीनं. लहानपणापासून म्हणवून घेते," ती म्हणाली. "ती फ्रेंच पण असंच शिकवते की, मॅडम. तिच्या वर्गातली सगळी पोरं याच चालीत म्हणतात. तुम्ही ऐकलं नाही का कधी?"

मग मला ऐकू आलं. भिंतीपलीकडं छप्पन्न गळे काहीतरी नाकातलं घोकत होते. शब्द एक कळेना, पण चाल माझी होती. तोच चढ, शेवटाला तीच उडी. सोबत टेबलावर खट खट आवाज, अंगठीचा. बोटात अंगठी आलीय वाटतं तिच्या, मी कधी बघितलंच नव्हतं.

आनंद व्हायला हवा होता, नाही का? मला काय झालं ते सांगते. मी जळले. लई जळले, आजवर कधी जळले नव्हते इतकी. माझी चाल छप्पन्न तोंडांत, आणि माझ्या वाट्याला पंधरा. माझी पोरं तर तिच्या ठेक्यावर डुलायलाही लागली होती. मी अंगठी टेबलावर खणखणीत आपटली, तिच्याहून मोठ्यानं, तिच्याहून पुढं. पंधरा पोरं दचकून माझ्या ठेक्यावर म्हणायला लागली.

पलीकडची खट खट थांबली. छप्पन्न गळे अडखळले. मग अंगठी पुन्हा वाजली, पण आता माझ्या ठेक्याला धरून, माझ्या मागून, पूर्वी ती माझ्या पहिल्या बाकावरून कंपासपेटी वाजवायची अगदी तशीच.

मला तेही सहन झालं नाही. पण मी ठेका सोडला नाही.